चौथा हिस्सा पाणी

प्रिय चिंगी,

फोन असताना बाबा पत्र का लिहितायत, म्हणून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, मीही बरा आहे. तुझ्या खोलीच्या खिडकीचं बिजागर बदललं, आता ती वाऱ्याने आपटत नाही. खरं तर लगेच मुद्द्यावर यायला हवं. याआधी दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा खिडकीपाशीच घुटमळलो आणि कागद फाडून टाकले.

तू वसतिगृहावर जायला निघालीस तो दिवस आठवतो? टॅक्सीत पाय ठेवता ठेवता तू मला एवढंच म्हणालीस, "दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं नाही. आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुवू नका, काढलेल्या पाण्यातच पिळा." 'येते' नाही की काही नाही. तुझं तरी काय चुकलं? आदल्या दिवशी जेवताना मी काय बोललो होतो ते आईसुद्धा विसरलेली नाही. तुझ्या टाकीच्या काचेवरचं हिरवं शेवाळ दाखवून म्हणालो होतो, "हा एक सोनेरी मासा धड ठेवता येत नाही, आणि निघाली जनावरांची डॉक्टर व्हायला! तिथे स्वतःला तरी सांभाळशील का?" तू ताट उचललंस आणि आत गेलीस. टाकीत तुझा शेठ, पोट सुटलेला म्हणून तूच ठेवलेलं नाव, निवांत फिरत होता.

चौथ्या हिश्शाचं ते प्रकरण मला पटलंच नव्हतं. औषधांच्या कारखान्यात माझं कामच स्वच्छता तपासायचं. एक डाग दिसला तर अख्खी बॅच परत पाठवणारा माणूस मी. तीन हिस्से मळकं पाणी ठेवून एक हिस्सा चांगलं ओतायचं, हा मला अंगचोरपणा वाटला. म्हणून पहिल्याच सुट्टीच्या दिवशी शेठला पातेल्यात काढलं आणि टाकी रिकामी केली. काळजी घेतली नाही असं नाही. नळाचं पाणी आदल्या दिवसापासून उघडं ठेवलं होतं, हात घालून गार-कोमट पाहिलं होतं. पण खडे उकळत्या पाण्यातून काढले, स्पंज नळाखाली पार पांढरा केला, काच घासली. टाकी अशी लखलखली की आई म्हणाली, "अहो, डोळे दिपतील त्याचे!"

शेठ चार दिवसांनी गेला. आधी वर येऊन तोंड उघडत राहिला, मग एका कुशीवर तरंगायला लागला. जे आधी वाचायचं ते मी नंतर वाचलं. खड्यांवरचा आणि स्पंजमधला तो बुळबुळीत थरच त्याची घाण पचवत होता. ज्याला मी मळ म्हणालो, त्याच्या जिवावर तो जगत होता. तुला हे माहीत होतं. आईने त्याला कुंडीत पुरलं आणि हात धुताना म्हणाली, "मी तिला खोटं सांगणार नाही. पण खरं तुमचं तुम्ही सांगायचं."

मी सांगितलं नाही. पुढचं लिहिताना कान तापतायत. तुझ्या रविवारच्या फोनमध्ये माझ्या वाट्याला एकच प्रश्न येतो, "पाणी बदललं?" मला खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून दर रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी त्या बिनमाशाच्या टाकीतलं बादलीभर पाणी काढतो आणि बादलीभर घालतो. अगदी चौथा हिस्सा. मग "बदललं" म्हणतो, आणि ते खरं असतं! एकदा आई दारातून म्हणाली, "भुताला पाणी पाजताय." मी हसलो, ती हसली नाही. तू शेठबद्दल आणखी काही विचारू नयेस म्हणून मी फोन पटकन तिच्याकडे देत आलो. पण तो एक प्रश्न गेला असता तर आपल्या दोघांत बोलण्यासारखं काहीच उरलं नसतं, हेही तितकंच खरं. हे कारण म्हणून लिहितोय की सबब म्हणून, माझं मलाच कळत नाही.

परवाच्या रविवारी तू पाण्याचं विचारलंच नाहीस. दोन विषय राहिले म्हणालीस. मग म्हणालीस, "बाबा, तुमचंच खरं होतं. शेठसुद्धा तुमच्याकडेच नीट राहतोय. मला नाही जमत. सत्र संपलं की सामान घेऊन येते." मी गप्प राहिलो. चिंगी, गप्प राहताना मला क्षणभर बरं वाटलं. माझं खरं ठरलं म्हणून, आणि तेही मेलेल्या माशाच्या जोरावर. मासा मेला तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज मला त्या क्षणाची वाटते. फोनवर मी पुन्हा एखादी पळवाट काढेन, म्हणून हे कागदावर. शेठ तुझ्याकडे चार वर्षं जगला, माझ्याकडे दोन आठवडेही नाही. शिक्षण सोडायचंच असेल तर तुझ्या कारणासाठी सोड, माझ्या त्या वाक्यासाठी सोडू नकोस. सुट्टीला ये, पण सामान तिथेच ठेवून ये. टाकीतले खडे पुन्हा बुळबुळीत व्हायला लागलेत. मी हात लावलेला नाही.

तुझाच,
बाबा