पुढचा डावा दिवा लागत नाही

दि. ४ मार्च, सोमवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, घरची सगळी बरी असतील. मी ठीक आहे.

हे अक्षर तू ओळखणार नाहीस, कारण ते माझं आहे. हसू नकोस. एवढं लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. जोडाक्षर आलं की पेन थांबतं आणि मी हवेत काढून बघते.

आमच्या घरामागच्या शाळेत मुलं घरी गेली की साडेपाचला मोठ्यांचा वर्ग भरतो. ऑक्टोबरपासून जाते. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गुडघे बाहेर काढून तिरकं बसावं लागतं. पहिल्या दिवशी अर्ज भरताना बाईंनी विचारलं, आधी कितवीपर्यंत? मी म्हटलं तिसरी, अर्धी. त्यांनी लिहिलं, 'परत आलेली'. मी विचारलं, पन्नास वर्षांच्या गैरहजेरीची चिठ्ठी आणावी लागेल का? सगळा वर्ग हसला आणि मला तिथे बसायला जागा झाल्यासारखं वाटलं.

त्या शिकवणाऱ्या बाई. आणखी एक बाई फक्त आमच्यासारख्या परत आलेल्यांकडे बघतात. कोणी दोनदा आलं नाही की फोन करतात, चष्म्याचा नंबर तपासून आणायला लावतात, घरचे नको म्हणत असतील तर घरी जाऊन बोलतात. आम्ही त्यांना विचारपूसवाल्या बाई म्हणतो. माझ्या शेजारी एक ड्रायव्हर बसतात. चाळीस वर्षं ट्रक चालवला, रस्त्यावरच्या सगळ्या खुणा पाठ, पण पाटीवरचं गावाचं नाव वाचता येत नव्हतं. दोनशे मैल चुकीच्या दिशेला गेल्याची गोष्ट ते दर आठवड्याला सांगतात आणि दर वेळी मैल वाढतात.

कारखान्यात अजून काज-बटणाचंच काम करते. नजर उतरली म्हणून आता फक्त बटणं.

तुझे भावोजी गेल्या जूनमध्ये गेले. छातीचं दुखणं होतंच. तुला कळवायचं राहिलं. लिहिणारे तेच होते ना.

तुझ्या गुडघ्याचं आणि कानाचं मी विचारत नाही. का विचारत नाही ते पुढे कधी लिहीन. हात दुखायला लागला.

तुझी
ताई


दि. १ एप्रिल, सोमवार

प्रिय चिमणे,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. येईल असं मनाला फार बजावलं नव्हतं, तरी पोस्टमन पायरी चढला की घरी आणलेल्या बटणाची सुई बोटात जाते.

मागच्या पत्रात मी खरं ते लिहिलंच नाही. बाई म्हणतात, लिहायला घाबरलात की आधी अवघड शब्द वहीत बाजूला काढा, मग वाक्य करा. मी ते शब्द काढलेत. आता वाक्यं करते.

जानेवारीत बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी घरून काहीतरी वाचायला आणा. कोणी औषधाचं खोकं आणलं, कोणी नातवाची वही. मी तुझं पत्र नेलं. माझ्याकडे तुझी अडतीस पत्रं होती, कपाटात कपड्यांखाली ठेवलेली. हे जाईपर्यंत दहा-अकरा वर्षं दर तीन-चार महिन्यांनी एक यायचं आणि हे जेवण झालं की मला वाचून दाखवायचे. त्यातलं माझं सगळ्यांत आवडतं होतं ते नेलं. त्यात तू अंगणात लावलेल्या जाईचं लिहिलं होतंस, ती छपरापर्यंत चढली, दार उघडलं की आत वास येतो, आणि ताई, तू असतीस तर तुला वेणीत घालायला दिली असती.

मी बोट ठेवून वाचायला लागले. 'गाडी क्रमांक चौदा.' मला वाटलं चुकले. पुन्हा वाचलं. 'पुढचा डावा दिवा लागत नाही. वायपर तुटला आहे. मागच्या दाराची कडी सैल.' शेजारच्या ड्रायव्हरांनी मान वाकवून बघितलं. ते माझ्यापेक्षा सावकाश वाचतात, म्हणून मी थांबले. वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, ही तर गाडीची तक्रार आहे."

तुला आठवत असेल, हे बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये कारकून होते. कोणत्या गाडीत काय बिघडलं ते ड्रायव्हरांकडून ऐकून चिठ्ठीवर लिहायचं, हेच त्यांचं काम. घरी आले, दिवा लावला. एकेक काढून वाचत गेले. ब्रेक कमी लागतो. खिडकीची काच वर जात नाही. अडतीसपैकी छत्तीस गाड्यांच्या तक्रारी. तुझ्या मुलीची नोकरी, तुझा गुडघा, तुझी जाई, काही कुठे नव्हतं. फोन का करत नाही म्हणून मी विचारलं की हे म्हणायचे, तिला आता ऐकू कमी येतं. चिमणे, अकरा वर्षं मी तुला बहिरी समजत होते.

उरलेली दोन तुझी होती, यांनीच कधीतरी त्या गठ्ठ्यात सरकवलेली. तुझं अक्षर जोडून लिहिलेलं, मला ते लवकर उलगडेना. मी वर्गाला जायचंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी विचारपूसवाल्या बाई घरी आल्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, हवं तर मी वाचून देते. मी म्हटलं, नको, जन्मभर दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकलंय. त्यांनी आग्रह केला नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, मग वर्गात या, इथे एकट्यानं ते अक्षर सुटायचं नाही. म्हणून परत गेले. बाईंनी मला फळ्यावर जोडून लिहिलेली अक्षरं वेगळी करून दाखवली. कशासाठी, ते विचारलं नाही. तीन आठवडे लागले.

पहिल्यात तू लिहिलं होतंस, आई अंथरुणाला खिळली आहे, मिळेल त्या गाडीनं ये. दुसऱ्यात, आई गेली, तू आली नाहीस, यापुढे मला पत्र लिहू नकोस.

ही दोन्ही मला कधी वाचून दाखवली नाहीत. पहिलं आलं तेव्हा मी दवाखान्यात होते, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, उठून बसता येत नव्हतं. घरी आल्यावर यांनी सांगितलं, आई झोपेत गेली, दुखणं-खुपणं काही नाही, धाकटीनं लिहिलंय की एवढ्यात येऊ नको, तब्येत सांभाळ. मी रडले आणि तुझ्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. पुढेही दर वेळी तुझ्या पत्रात काहीतरी असायचंच, घराचं काम काढलंय, मुलीची परीक्षा आहे, आता येऊ नको. मग यांचं दुखणं सुरू झालं आणि यायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट मला आता कळली. आई जायच्या आधी वर्षभर हे मला दर रविवारी शिकवायला बसवायचे. विसरलेली मुळाक्षरं पुन्हा झाली होती, काना-मात्रा चालू होत्या. अकरा वर्षांपूर्वी ते एकदम थांबलं. मी एक-दोनदा वही काढली, तर म्हणाले, या वयात कशाला डोळे फोडून घेतेस, मी आहे ना वाचायला. मला वाटलं, माझं डोकं जड, म्हणून कंटाळले. इतकी वर्षं मी तेच धरून चालले. कारखान्यात कोणी कागद पुढे केला तर मी म्हणायचे, मला नाही येत, मी जडच आहे.

त्यांच्यावर रागवावं तर समोर माणूस नाही. त्यांच्या खुर्चीशी बोलून बघितलं, पण ते वेडेपणाचं वाटलं.

तू आधी ये म्हटलंस, मग लिहू नको म्हटलंस, दोन्ही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी तर तुला लिहीतच होते. मी सांगायची, हे लिहायचे, पाकीट बंद करून माझ्या हातात द्यायचे आणि मी स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचे. त्या पाकिटांत काय असायचं ते मला माहीत नाही. तुला काही मिळालं असेल तर कळव. मिळालं नसेल तर तेही कळव.

तुझी
ताई


दि. १४ मे, मंगळवार

प्रिय चिमणे,

तुझं पार्सल शुक्रवारी आलं. वरच्या कागदावर तुझी ओळ होती. 'एकही उघडलेलं नाही. तूच वाच.' सही नाही, आशीर्वाद मागितला नाहीस, तब्येत विचारली नाहीस. तरी अकरा वर्षांत तू मला लिहिलेली ही पहिली ओळ, आणि ती मी एका दमात वाचली.

एकोणतीस पाकिटं. सगळ्यांची कड जशीच्या तशी चिकटलेली. फेकून द्यायला तुला एक क्षण लागला असता. तू ती तारखेप्रमाणे लावून दोऱ्यानं बांधून ठेवलीस. याबद्दल मी तुला काही विचारणार नाही.

रविवारी सकाळी पहिलं उघडलं. वर माझंच बोलणं होतं, मी सांगितलं तसंच्या तसं, मधे मी 'अगं' म्हटलेलंही सोडलं नव्हतं. तुझी जाई चढली ऐकून आनंद झाला, गुडघ्याला शेक घे. पानाच्या खाली रेघ मारून यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. उतरवून देते:

'यापुढचं तिला ठाऊक नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा ती दवाखान्यात होती. सांगितलं असतं तर टाके तुटले तरी निघाली असती. आठ दिवसांनी सांगू म्हणून मी ते खिशात ठेवलं. आठ दिवसांच्या आत दुसरं आलं. ते तिला वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही. तिला जगात तुम्ही एकच आहात. दोष सगळा माझा. तुम्ही एक ओळ लिहा, रागाची असली तरी चालेल. मी ती जशीच्या तशी वाचून दाखवीन आणि खरं सांगून टाकीन. तोवर मला हे चालू ठेवावं लागतंय.'

दुसऱ्यातही तेच, थोडं कमी. पाचव्या-सहाव्यानंतर दोनच ओळी. शेवटचं मागच्या एप्रिलमधलं, अक्षर हललेलं. रेघेखाली फक्त एवढंच: 'अजून वाट पाहतो आहे.'

बघ कसं झालं. जिला वाचता येत होतं तिनं उघडलं नाही, जिला उघडून बघायचं होतं तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्यानं लिहिलं तो दोघींच्या मधे बसून वाट बघत राहिला. मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. मी असते तर मीही उघडलं नसतं. आईच्या उशाशी एकटी तू होतीस. रात्री कोणी उठायचं, पाणी कोणी पाजायचं, ताई कधी येते म्हणून दाराकडे कोणी बघायचं, सगळं तूच.

त्यांना मी माफ केलं का, असं विचारपूसवाल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, अजून ठरवलेलं नाही. त्यांनी आईचं शेवटचं बघणं माझ्याकडून काढून घेतलं आणि मला शिकू दिलं नाही. हे दोन्ही मोठं आहे. आणि दिवसभर बिघडलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहून घरी आलेला माणूस तीच चिठ्ठी हातात धरून जाईची वेल चढवत बसायचा, हेही खोटं नाही. एकाच माणसाचं हे सगळं मी कुठे ठेवू, ते मला कळत नाही. घरात आता जागा पुष्कळ आहे, तरी कळत नाही.

वर्गाची परीक्षा झाली. वाचनात पास, शुद्धलेखनात दोन मार्कांनी राहिले. ड्रायव्हर दोन्हींत पास झाले आणि मला पेढ्यांऐवजी खोडरबर देऊन गेले. बाई म्हणतात, जुलैत पुन्हा बसा. विचारपूसवाल्या बाईंनी माझं नाव आधीच घालून टाकलंय.

पाकिटं मी तुला परत पाठवते आहे, आता उघडलेली. वाच किंवा वाचू नकोस. मला ये म्हणशील तेव्हा मी येईन. नाही म्हणालीस तर पत्रच लिहीन, तेवढं आता येतं.

एकच मागते. आईनं त्या शेवटच्या दिवसांत काय काय म्हटलं ते मला लिही. मला काय बोलली, माझ्यावर चिडली का, कोणता शब्द शेवटी होता, सगळं. मला बरं वाटावं म्हणून एकही शब्द मऊ करू नकोस. तुझं अक्षर मला आता उलगडतं. वाचताना मधे कोणी नसेल. मी एकटीच असेन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझी न आलेली
ताई