दरसालची सुई

लालबाग, मुंबई
ता. ८ जून १९५८

तीर्थरूप रामजीदादा यांच्या चरणी धाकट्या कमळचा वाकून नमस्कार.

इकडे सारे धडधाकट आहोत, तुमच्याकडेही सगळे उठून-बसून असतील असं धरून चालते. गुडघ्याचं कसं काय? निरगुडीचा पाला गरम करून बांधत जा, वहिनी घाईत तसाच बांधतात हे मला ठाऊक आहे (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका). पाडी व्याली का? आणि आईला आता नीट दिसतं, की अजून मांजराला नातू समजून जेवायला हाक मारते?

फ्लूची साथ पुन्हा येणार असं ऐकतो, तर खानावळ बंद करून गावी का येत नाहीस, असं तुम्ही विचारलं होतं. उत्तराला महिना लागला. रागावू नका. माझ्याकडे अठरा माणसं जेवतात, सगळी गिरणीतली, सगळी कोकणातली, आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत आहे. सगळे मला मावशी म्हणतात. त्यातले निम्मे माझ्याहून मोठे आहेत, पण आयतं ताट पुढ्यात आलं की पुरुष वय विसरतो.

गेल्या साली जूनात काय झालं ते मी तुम्हाला पुरतं कळवलं नव्हतं, उगाच तुम्ही काळजी केली असती. पहिल्या दिवशी दोघे पडले, चौथ्या दिवशी अकरा. अंगात ताप, हाडं ठणकतायत, आणि तोंडाला चव नाही म्हणून माझ्या आमटीला नावं. मी सगळ्यांना पेज पुरवली, आठव्या दिवशी स्वतः आडवी झाले. मग जे थोडे उभे राहिले होते त्यांनी स्वयंपाक हातात घेतला. दादा, कुळथाची पिठी इतकी घट्ट झाली की पळी टोपात उभी राहिली आणि काढायला दोघे लागले. भात वरून जळला. भात खालून जळतो हे मला माहीत होतं, वरून कसा जळला हे अजून कोणी कबूल करत नाही. खाण्याजोगी पेज काय ती बाबुरावांनी केली, मीठ बेताचं, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. बाबुराव म्हणजे गुहागरकडचे, विणकर, बायको वारून सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, विडी नाही, फारसं बोलणं नाही (तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं, एरवी इथे त्याचा काही संबंध नाही).

तर यंदा मे महिन्यात बाबुरावच बातमी घेऊन आले. गिरणीच्या दवाखान्यात फ्लूच्या लशीच्या थोड्या बाटल्या आल्या आहेत, ज्यांना हवी त्यांना टोचणार, आणि कामगारांना रांधून घालणाऱ्या बायांनाही देणार. मी विचारलं, एकदा टोचलं की झालं ना, देवीसारखं? तर म्हणाले, नाही, डॉक्टर म्हणतात हा ताप दर खेपेला रूप पालटून येतो, तेव्हा सुईही दरसाल घ्यावी लागेल. दरसाल म्हटल्यावर पंगतीतले सगळे हात ताटातच थांबले.

मग जी चर्चा झाली तिच्यापुढे शिवाजी पार्कवरची सभा म्हणजे देवळातली शांतता. आमचा दगडू तुम्हाला आठवत असेल, मालवणचा, दारातून आडवा आत येतो तो. हा फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात पाठीवर लाठी खाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पाळीला हजर. तो उठून म्हणाला, "आधी मुंबई महाराष्ट्राक द्या, मगे आमी दंड पुढे करतंव!" टाळ्या पडल्या. ह्या सुईमागे दिल्लीचा हात आहे, मराठी माणसाचा दंड लुळा पडावा आणि मोर्चात मूठ वर जाऊ नये असा डाव आहे, असंही त्याने समजावून दिलं. दुसरे आमचे अप्पा, माळकरी. त्यांना कुठून तरी कळलं, की ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. ते दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाच विचारून आले आणि डॉक्टरांनीही खोटं न बोलता हो म्हटलं. आता अंडं खाल्लं तर पाप, पण टोचून घेतलं तर काय, हे कुठल्याच पोथीत नाही. अप्पा चार दिवस आमटी-भात पुढ्यात घेऊन विचार करत बसायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, की जिभेला लागलं नाही तर चालेल, फक्त एकादशी नको.

असं होता होता एकेकाचं मन वळलं. पण सगळ्यांनी मिळून अट घातली, की मावशी घेणार असेल तरच आम्ही घेऊ. मावशी पडली तर पुन्हा ती पिठी कोण खाईल?

आता तुम्हाला काय सांगायचं. लहानपणी गावात देवी टोचणारा आला तेव्हा मी कणगीमागे लपले होते आणि तुम्हीच मला पाय धरून ओढलंत. ती भीती अजून तशीच आहे. पण खानावळवाल्या बाईने सुईला घाबरते म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी कारणं काढली. दंड सुजला तर भाकऱ्या कोण थापील? माझ्या वाटची लस एखाद्या पोराबाळाच्या आईला मिळू दे. बाबुरावांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाकऱ्या मी थापीन. बाकीचं तुम्ही ठरवा." बस्स, एवढंच. भांडायला काही जागाच ठेवली नाही त्या माणसाने.

रविवारी सकाळी आम्ही सगळे परळच्या बाजूला दवाखान्यात गेलो. रांगेत मी पहिली होते. मग दुसरी झाले, मग पाचवी, कारण मागच्याला तुम्ही व्हा पुढे म्हणायची मला लहानपणापासून चांगली सवय आहे. अकरा जण असे पुढे घातल्यावर दगडूची पाळी आली. त्याने बाही वर केली, डॉक्टरांनी स्पिरिटचा कापूस लावला, सुई अजून ताटलीतच होती, आणि दगडू धाडकन अप्पांच्या अंगावर कोसळला. अप्पा खाली, दगडू वर, आणि खालून विठ्ठलाचं नाव. चौघांनी ओढून काढलं. डोळे उघडल्यावर दगडूने पहिलं काय विचारलं असेल, तर "झाला काय टोचून?" नाही म्हटल्यावर पुन्हा डोळे मिटले. शेवटी त्याला बाकावर निजवून टोचलं.

आता माझ्यापुढे कोणी उरलं नाही. डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. मी विचारलं, ही घेतली की ताप येणारच नाही ना? ते म्हणाले, "मावशी, तशी खात्री मी देणार नाही. काहींना तरी येईलच. पण आला तरी पुष्कळांचा हलक्यावर जाईल असं वाटतं. जबरदस्ती नाही. घ्यायची की नाही, तुम्ही सांगा."

दादा, त्याने खात्री दिली असती तर मी कदाचित उठून आले असते. खरं बोलला म्हणून बसून राहिले. आणि बसल्या बसल्या मला बुधाजी आठवले. तुम्हाला हे लिहिलं नव्हतं. गेल्या साली माझ्याकडे अठरा नव्हे, एकोणीस माणसं होती. बुधाजी गिरणीच्या फाटकावरचे पहारेकरी, अकरा वर्षं माझ्याकडे जेवले, एका शब्दाने कधी तक्रार नाही. फ्लूत ते वरच्या माळ्यावर पडून होते. जायच्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की कमळाबाईच्या हातची थोडी पेज मिळाली तर बरं. आणि मी खाली तापाने बरळत होते. मला निरोप तिसऱ्या दिवशी कळला. पेज न मिळाल्याने माणूस जात नाही हे मला कळतं. पण मागितली आणि मिळाली नाही, हे वर्षभर माझ्या घशात अडकून आहे.

मी पदर सावरला आणि दंड पुढे केला. डोळे मिटले नाहीत. बाबुराव समोर माझी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते, जणू तिच्यात अंडी आहेत. म्हणाले, "हात सैल सोडा." सोडला. झालं. कोळंबीचा काटा याहून जास्त लागतो, दादा. चाळीस वर्षं मी उगाच भीत आले.

दंड दोन दिवस दुखला. बाबुरावांनी सकाळची पाळी करून येऊन दोन्ही दिवस तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आणि त्या फुगल्या (माझ्याहून जास्त नाही, पण फुगल्या). अठरांपैकी चौदांनी लस घेतली. चौघे अजून विचार करतायत, त्यांना मी रोज वाढताना विचारते. अप्पा त्या रविवारी दगडूखालून निघाल्यावर तसेच परतले होते, त्यांनी मागाहून द्वादशीला घेतली. साथ येईल की नाही देवाला ठाऊक, पण यंदा आम्ही तिची नुसती वाट बघत बसलेलो नाही, एवढं खरं. म्हणून मी गावी येत नाही. इथे माझी गरज आहे, आणि खरं सांगायचं तर मला इथे बरंही वाटतं.

आईच्या पाया पडते, मुलांच्या पाठीवरून हात फिरवते. वहिनींना त्यांना आवडेल ते सांगा.

तुमची
कमळ

ता. क. तुम्हीही तालुक्याला जाऊन लशीची चौकशी करा. आईसाठी तरी. तिला पाय धरून ओढू नका, समजावून सांगा.

आणखी एक. दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, पुढल्या मे महिन्यात पुन्हा या. बाहेर रस्त्यावर आल्यावर बाबुराव म्हणाले, "पुढल्या साली मीच येईन सोबत. त्याच्या पुढल्या सालीही." मी म्हटलं, दरसाल असे बरोबर गेलो तर लोक काय म्हणतील? तर हा न बोलणारा माणूस मला म्हणतो, "म्हणून तर विचारतोय."

आणखी शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. मला विधवा होऊन नऊ वर्षं झाली. तुमचा शब्द घेतल्याशिवाय मी त्यांना उत्तर देणार नाही, असं सांगितलंय. ते थांबलेत. आईला कसं सांगायचं ते तुम्ही बघा. रुकार नसेल तर पाकिटातून कळवा, कारण इथे कार्ड आलं की माझ्याआधी अठरा जण वाचतात. रुकार असेल तर मात्र कार्डच टाका.