कॅप्टनचा हात

स्लायगो, रविवार

तीर्थरूप बाबा,
वाकून नमस्कार करते, पण आज थोडं बोलणार आहे.

इथे सगळं ग्रँड आहे, म्हणजे इकडच्या बोलीत छान. विक्रांतची नोकरी नीट चाललीय, सानिका शाळेत रमलीय. आईची शुगर कशी आहे?

करमतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. काल टीव्हीवर कर्लिंग बघत बसले. बर्फावरून जड दगड सरकवून वर्तुळात थांबवायचा खेळ. जपानच्या मुलींची कॅप्टन सानिकाएवढ्या मुलाची आई आहे. बाळंतपणानंतर ही संपली, असं सगळे म्हणाले. ती परत संघ घेऊन उतरली. मुलाला तिचे वडील सांभाळतात म्हणे.

काल ती हरली. या खेळात सामना हातातून गेला, की कॅप्टन स्वतः पुढे होऊन, हार मानून समोरच्यांशी हात मिळवते आणि खेळ तिथेच थांबतो. ती बराच वेळ दगडांकडे बघत राहिली. तिला कोणी घाई केली नाही.

माझं लग्न ठरलं आणि तुम्ही परस्पर क्लबात जाऊन सांगून आलात, अनुया आता खो-खो खेळणार नाही. मला ते मैदानावर पोरींकडून कळलं. फायनल तोंडावर होती.

बाबा, मी हरत नव्हते.

तुमची,
अनुया