दरवाजाजवळच्या सीटवरील यजमानांचा दावा फेटाळणेबाबत

प्रति,
मा. प्रवासी तक्रार अधिकारी,
विमान कंपनीचे कार्यालय, विमानतळ.

विषय : परतीच्या विमानात आपत्कालीन दरवाजाजवळची सीट अर्जदारासच मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या यजमानांनी तिच्याविरुद्ध आपणांस दिलेला तक्रार अर्ज.

महोदय,

अर्जदार ही शिवणकाम करणारी बाई असून संदर्भीय अर्जातील तक्रारदार हे तिचे यजमान आहेत. दोघे मुलीकडे आले असून परवा परत निघणार आहेत.

१. निवृत्त झाल्यापासून यजमानांच्या ज्ञानाला ऊत आला आहे. प्रवास ठरताच त्यांनी जेवणाच्या खुर्च्या तीन इकडे, तीन तिकडे मांडल्या, मध्ये वाट ठेवली आणि अर्जदारास प्रत्येकीवर बसवून पाहिले. पंखावर बसल्यास खालचे दिसत नाही, दरवाजापुढच्या रांगेची पाठ मागे जात नाही, शेवटच्या रांगेत स्वच्छतागृहाला आलेले लोक डोक्यावर उभे राहतात, असे सिद्धांत रोज ऐकावे लागले. खुर्च्या अडकल्यामुळे घरची माणसे निघेपर्यंत उभ्याने जेवली.

२. एवढ्या संशोधनाअंती दरवाजाजवळची, ऐसपैस पाय पसरता येणारी सीट यजमानांनी स्वतःस घेतली व अर्जदारास शेवटच्या रांगेतली मधली दिली. "तुझे पाय आखूड, तुला काय करायचीय जागा?" हे कारण. यजमानांच्या पँटी अर्जदारच शिवते. त्यांचे पाय तिच्यापेक्षा चार बोटे लांब आहेत, जास्त नाहीत. शिवाय दिवसभर मशीन चालवून गुडघे कोणाचे दुखतात, हा प्रश्न संशोधनात आलाच नाही.

३. इकडे येताना विमान सुटण्यापूर्वी आपल्या विमानातील कर्मचारी मुलीने यजमानांस नियमाप्रमाणे विचारले की, संकटकाळी हा दरवाजा आपण उघडाल ना? यावर "हो" एवढेच म्हणायचे होते. यजमान म्हणाले, "आमच्याकडे असली कामं ही करते. मागे बसलीय, तिला बोलवा." त्या कर्मचारी मुलीने बोलावले. अर्जदाराने "उघडीन" म्हटले आणि सीटांची अदलाबदल झाली. हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात. आता "पत्नीने फूस लावून सीट बळकावली" असे यजमान आपणांस लिहितात आणि अर्जदाराशी बोलत नाहीत. न बोलण्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

४. यजमानांनी अर्जात "पत्नीस त्या जागेचा काहीच उपयोग झाला नाही" असेही म्हटले आहे. येथे हा सरकारी थाट बाजूला ठेवून अर्जदार सांगते. साहेब, त्या रांगेत पिशवीसुद्धा वर ठेवायला लावतात. माझी मांडी रिकामी होती. माझा चष्मा कुठाय, पाणी दे, गोळी दे, असे कोणी म्हणाले नाही. मी पाय पसरले आणि मला रडू आले. शेजारच्या बाईंनी विचारले, "भीती वाटतेय का?" मी म्हटले, "नाही हो, फार बरं वाटतंय." लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी नुसती बसले नव्हते.

५. तरी यजमानांचा अर्ज निकाली काढून परतीची ती सीट मलाच द्यावी. यजमानांना विमानात कोठेही बसवावे, फक्त हाक ऐकू येईल इतके जवळ नको. तशीच वेळ आली तर दरवाजा मी उघडीन आणि यजमानांनाही बाहेर काढीन, ही लेखी हमी समजावी.

जागा न सोडणारी, तरीही आपली नम्र,

(सही)
तक्रारदारांची पत्नी

दिनांक : परतीच्या दोन दिवस आधी