आमझरीच्या आंब्यांची साक्ष

२ फेब्रुवारी २०२५

पुन्हा "शेवाळ"! आमच्या पेपराच्या यवतमाळ डेस्कवर अमर बसतो. त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं — बाळा, शेवाळ नव्हे, दगडफुलाच्या जातीचं आहे. तर म्हणे, "सर, दगडफूल मसाल्यात असते. वाचक कन्फ्यूज होतील." छापलं काय, तर "शेवाळाने केली प्रदूषणाची पोलखोल". वाचक कन्फ्यूज झाले नाहीत. सरळ चुकले. फेब्रुवारीत वणीत माणसाला पाणी नाही, शेवाळाला कुठून येणार?

३ फेब्रुवारी

राग उतरला नाही, म्हणून नीट लिहून ठेवतो. निदान या वहीत तरी डेस्क नाही.

आमझरी तांड्याची शाळा — चार वर्ग, पुढे आंब्यांची रांग. रांगेच्या एका टोकाला कोळशाचा डेपो, दुसऱ्या टोकाला जंगल. डेपोवाल्यांना वाढवायचा आहे, पार शाळेच्या भिंतीपर्यंत. तांड्याची हरकत आहे. निर्णय जिल्ह्याची समिती देणार. सरपंच देवसिंग राठोड यांची नात तिसरीत आहे, पाटीवर बोट फिरवून नाव लिहिते — पेन्सिलीची गरज नाही, इतकी धूळ!

हवा मोजायचं यंत्र एकदा येऊन गेलं. कधी? भर ऑगस्टात, रात्रभर झोडपून पाऊस पडल्यावर. निकाल "समाधानकारक". आंघोळ घालून रेडा तपासला आणि म्हणे गाय आहे!

म्हणून कोकिळाबाईंना गाठलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. जन्म याच तांड्यातला, शिकल्या याच शाळेत. त्यांनी डेपोपासून जंगलाच्या बाजूपर्यंत एकेक आंबा तपासला. खोडाला छातीच्या उंचीवर तारेची चौकोनी जाळी लावायची आणि किती घरांत ते राखाडी चट्टे आहेत ते मोजायचं. जात पिक्सिनी. ओळखायची युक्ती गमतीची आहे — दुकानदार नोट खरी की खोटी पाहायला जो जांभळा दिवा ठेवतात, तो धरला की चट्टा पिवळा चमकतो. मी धरून पाहिला. खरंच चमकला! पंचेचाळीस वर्षं आंबे खाल्ले, खोडाकडे कधी पाहिलं नाही.

जंगलाकडच्या झाडांवर चट्टे ताटाएवढे. शाळेच्या आंब्यांवर उरलेत ते पांढरट, कडा वळलेले. डेपोला लागून असलेल्यांवर काही नाही. नुसती साल.

५ फेब्रुवारी

बायकोला, विमलला, समजावून सांगत होतो. ही एक वस्तू नाही, दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, आत हिरवं शैवाल (शेवाळाच्याच कुळातलं, पण अमरला सांगायचं नाही) उन्हावर स्वयंपाक करतं. मूळ नाही, खाणं-पिणं सगळं हवेतून. हवेत शिसं असेल तर शिसं खाणार आणि अंगात साठवणार. गंधकाचा धूर आला की आधी शैवाल मरतं, मागोमाग घर.

"म्हणजे आपल्यासारखंच," ती म्हणाली. "फक्त घरही मीच सांभाळते अन् स्वयंपाकही."

मी विषय बदलला. संस्कृतात दगडफुलाला शैलेय म्हणतात, शिलापुष्पही म्हणतात, आणि खरं तर ते शिलेचंही नाही नि पुष्पही नाही, असं सांगू लागलो. तर "तुमच्या संस्कृतानं मसाला कुटून होते का?" म्हणून खलबत्ता पुढे सरकवला. कुटला.

पण कोकिळाबाईंचा मुद्दा मला फार आवडला आहे. यंत्र कधी येणार ते डेपोवाल्यांना आधी कळतं. हे बिचारं तारीख विचारून श्वास घेत नाही. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं आणि सगळं सोसल्याचं अंगावर ठेवतं.

९ फेब्रुवारी

समिती चौदा तारखेला येणार! कागद नकोत, फोटो नकोत — "प्रत्यक्ष झाडे पाहू". बातमी दिली. मथळा: "समिती करणार आमझरीच्या झाडांची पाहणी". शेवाळ नाही. देव आहे म्हणायचा.

१३ फेब्रुवारी

देव नाही.

सकाळी देवसिंगांचा फोन. तांड्यात मला पंडितजीच म्हणतात. "पंडितजी, तांड्यात या एकडाव. झाडं पाहा कशी सजवली! नवरदेवावानी!"

गाडी काढली. दुरूनच दिसलं — आंब्यांची अख्खी रांग, जमिनीपासून छातीपर्यंत पांढरीशुभ्र. वर गेरूचा पट्टा. चुना लावण्याआधी काथ्यानं खोडं घासूनही घेतलेली! आणि सगळा तांडा माझ्याकडे बघतोय, शाबासकीसाठी.

"देवसिंगभाऊ, हे काय केलं!"

"काहून? तुमच्याच पेपरात आलं, साहेब झाडं पाह्यले येऊन राह्यले म्हून. पाव्हणे येतीन तं आंगन नाई सारवत का कोनी?"

आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की झाडाला चुना, दगडाला चुना, उभं राहिलं तर माणसालाही. हे मला माहीत नव्हतं का? बातमीत एक वाक्य घालायला काय झालं होतं — झाडांना हात लावू नका!

जाळीही छातीच्या उंचीवर, चुनाही छातीच्या उंचीवर. जणू ठरवून.

कोकिळाबाई आल्या. खोडावर हात फिरवला, हाताला लागलेला चुना पाहिला. एक शब्द नाही. देवसिंगांची म्हातारी आई, धनीबाई, चहा घेऊन आली तो मात्र घेतला.

१४ फेब्रुवारी

समिती आलीच नाही! कुठल्याशा दौऱ्यामुळे पुढे ढकललं. पांढरी झाडं, झेंडूचं तोरण, दुपारपर्यंत टोप्या घालून बसलेली माणसं. तोरण शेळीनं खाल्लं.

१७ फेब्रुवारी

कोकिळाबाईंना धीर करून फोन केला. चुना खरवडता येईल का?

"खरवडाल तर सालीसकट निघेल, सर. अन् चुन्यानं सालीचा गुणच बदलते. आता कितीतरी वर्षं तिथं काही येणार नाही."

"वर, चुन्याच्या पट्ट्याच्या वर तर असेल?"

"आहे ना थोडं. साहेबाला शिडीवर चढवता का तुम्ही?"

बोलल्या तरी. तेवढंच.

२४ फेब्रुवारी

समिती सत्तावीसला येणार, म्हणून तांड्यात गेलो. आज जे पाहिलं ते लिहायला हात शिवशिवतो आहे.

चुना काळा पडलाय! सगळ्या रांगेचा नाही. डेपोच्या टोकाला कोळशासारखा, शाळेपाशी मळकट, शेवटच्या झाडांवर अजून बरा. आम्ही महिनाभर जाळी लावून जे दाखवायला निघालो होतो ते चुन्यानं दहा-बारा दिवसांत उभं केलं. कुणालाही दिसेल. आंधळ्यालाही बोटानं कळेल.

आणि देवसिंग काय करताहेत? ड्रममध्ये नवा चुना कालवताहेत!

"दुसरा हात मारून देतो, पंडितजी. असे काये झाडं दाखवले तं तांड्याची इज्जत काय राह्यली?"

मी ड्रमसमोर आडवा उभा राहिलो. अक्षरशः! मला समजावता येईना, त्यांना पटेना. धनीबाई कुंचा घेऊन थेट झाडाकडे निघालेल्या. शेवटी कोकिळाबाईंनी त्यांचा हात धरला. तांड्याच्या गोर बोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, काहीतरी सांगितलं, मला "याडी" तेवढं कळलं, म्हणजे आई. म्हातारीनं चुन्यावरून बोट ओढलं. बोट पाहिलं. मग शाळेकडे पाहिलं.

"पोरायच्या छातीत बी हेच जाऊन राह्यलं का?"

कुंचा ठेवून दिला. देवसिंग ड्रमशेजारी खाली बसले.

२७ फेब्रुवारी

आले! अध्यक्ष पांढऱ्या शर्टात. दूरवरून झाडं पाहिली आणि म्हणाले, "निदान पाहणीआधी रंगवायची तरी."

"रंगवले, साहेब," देवसिंग म्हणाले. "पंधरा दिस बी नाई झाले."

अध्यक्ष थबकले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. कोकिळाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, पट्ट्याच्या वर उरलेले चट्टे दाखवले. आणि साहेब शिडीवर चढले! जांभळा दिवा स्वतः धरला. दोन वर्गांतली पोरं खोकली, तेही ऐकलं असावं. जाताना म्हणाले, "आम्हाला पटलं आहे."

धनीबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला. मीही दोनदा घेतला. विमलला सांगितलं नाही, साखर आहे मला.

१९ मार्च

आदेश आला. आमचं सगळं मान्य — हवा मुलांच्या आरोग्यास अपायकारक, असं स्वच्छ लिहिलंय. सबब जूनपासून शाळा तिथून हलवावी, आणि शाळा नसल्यामुळे डेपोच्या विस्तारास हरकत उरत नाही.

मुलं झोपायला तांड्यातच येणार. त्याबद्दल आदेशात काही नाही.