मायनं राखलेली गोष्ट

५ मार्च १९७३, धावडा
सकाळी नाल्याकडं गेल्तो. खडा झालेला, बराच वेळ जोर लावत बसलो. उठलो तर मातीवर लाल थेंब, सहा-सात. दुखलं काहीच न्हाई, हेच नवल. पायानं माती लोटली. घरी बोललो न्हाई. कांताला, बायको असली तरी, असलं काय सांगायचं.

९ मार्च
रगत रोज जातंय. रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, दिवसाला दोन तांबे पाणी, शाळा सुटली की टँकरवरून घागरी वाहणं. शाळेत खुर्चीवर बसवत न्हाई.
संध्याकाळी ओसरीत डाव्या अंगावर कलून बसलो होतो. माय दारात आली, माझ्याकडं पाहिलं अन् डोक्यावर पदर घेतला. माझ्यासमोर? कधीच न्हाई घेत.

१० मार्च
माय जवळ येऊन हळूच, "आवं, रगत अजून जातंय का?"
"माय, मी उत्तम. तुझा उत्तम."
हसली. "पोरगं झोपलंय. तुमी बोला."
 तिला सांगितलं कुणी? वडील, बापू, गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. गाव म्हणायचं करणी झाली, वाळून वाळून गेला. रगताचा शब्द आजवर कुणी काढला न्हाई.

१३ मार्च
कांताला धुण्यात डाग दिसला. रडेल वाटलं, तर भडकलीच. "इतके दिस? मी काय परकी हाय? धाकटीच्या वेळी पोटुशी होते तव्हा मलाबी झाल्तं. आमी बायका एकमेकींना सांगतो. तुमी कुणाला सांगता?"
भोकरदनच्या डॉक्टरांकडं जायचं ठरवलं.

१६ मार्च, भोकरदन
डॉ. नी तपासलं. लाज वाटली, पण बरं झालं. म्हणाले, "गुरुजी, तिथं आतल्या बाजूला शिरांच्या मऊ गाद्या असतात, सगळ्यांनाच. खडा झाला, कुंथलं, फार वेळ बसलं की रक्त तुंबतं, शिरा फुगतात. रोज तेच झालं तर बाहेर उतरतात. ही मूळव्याध. करणी न्हाई."
केवढं हलकं वाटलं. त्याच भरात बापूंचं सांगून टाकलं. डॉ. नी लगेच विचारलं,
"वाळत गेले? मूळव्याधीनं माणूस असा वाळत न्हाई. तुमचं वजन?"
विजार सैल झालीय खरी. दुष्काळात कुणाची न्हाई?
"मूळव्याध आहेच. पण सगळं रक्त तिचंच, असं मी बिलकुल म्हणणार न्हाई. तिचं रक्त लालभडक असतं, काळं पडलं तर ते आतून, वरून येतं. औरंगाबादला आतून पाहतील. जल्दी जा."

१७ मार्च
मायला विचारलं, "बापूंचं रगत कसं होतं?"
माझ्या डोळ्यात बघत, "काळं. तुमीच म्हनला कुनाला सांगू नको. मी न्हाई सांगितलं."
बत्तीस वर्षं.
माझं पहिल्या दिवशी लाल दिसलं होतं, आता लाल की काळं? आज नीट पाहिलं. सांगता येत न्हाई. कांतालाही दाखवलं. तिलाही ठरवता येईना.

२० मार्च
एस.टी. स्टँड. धाकटीला शेजाऱ्यांकडं ठेवलं. आम्ही पोचलो तर माय आधीच हजर, धुतलेलं लुगडं, हातात गाठोडं.
"माय, तू कुठं?"
"मागल्या बारीला तुमी औरंगाबादला एकलेच गेल्ता. मी न्हाई आले संगं."
बापू गेल्ते? मला ठाऊकच न्हाई. तिथं त्यांना काय सांगितलं असंल?
कंडक्टर ओरडून राह्यला होता. कांता मुकाट्यानं सरकली, आमच्या दोघांत जागा केली. माय बसली. गाडी हलल्यावर तिनं माझा हात धरला.
कुणाचा धरलाय, ते मी विचारलं न्हाई.