घोड्यांच्या पिक्चरचा खरा शेवट

कामोठे,
रविवार

प्रिय कमळाकर,

काल पुन्हा तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. सोनलने चहा विचारला, मी नको म्हणालो. तुझ्या खोलीला आतून कडी होती. आत पंखा फिरत होता, म्हणजे तू जागा होतास. पंख्याच्या आवाजात तुला झोप लागत नाही, हे मी तुझा भाडेकरू होतो तेव्हापासून मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन करून तुझा आवाज काढून घेतला, तेव्हापासून तू मुलगा हरेश आणि सून सोनल सोडून कुणाला आत घेत नाहीस. बाकीच्यांचं समजू शकतो. पण मलाही नाही? मला राग आला, कमळ्या, आणि जिना उतरताना रडूही आलं. सोनलने बघितलं असेल तर असू दे.

मी आणि पत्र! वाचताना तुलाही नवल वाटेल. बोलणं तुझं आणि ऐकणं माझं, अशी आपली वाटणी पहिल्यापासून ठरलेली. तू बुटका, गोल, तोंडाला उसंत नसलेला नावड्याचा आगरी. मी साताऱ्याकडचा लांबडा घाटी, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी उचलणारा आणि हुं म्हणायलाही वेळ लावणारा. तुझ्या घरात सुकी मासळी भाजायला लागली की मी खिडकी उघडायचो आणि तू मुद्दाम ती बंद करायचास. आपलं जमलं कसं, असं माझी बायको शालन अजून विचारते. मला सांगता येत नाही.

परवा तेजश्री मला खारघरला तिच्या सोसायटीत घेऊन गेली. तिथे महिन्यातून एकदा जुने पिक्चर दाखवतात आणि नंतर सगळे गोल बसून मतं देतात. मुलीचं मन मोडायला नको म्हणून गेलो. दिवे घालवले आणि पडद्यावर माळरान आलं. लंगडा घोडा आला, त्यावर तो लांबड्या, आणि मागून बाटल्यांची पेटी छातीशी धरून धापा टाकत चालणारा आपला बुटका औषधवाला. मी खुर्चीतून अर्धा उठलोच. आपला घोड्यांचा पिक्चर! तेजश्रीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

गावदेवीच्या जत्रेत तो पहिल्यांदा लागला तो दिवस तुला आठवतो ना? मंडळाने देवादिकांची कॅसेट सांगितली होती आणि दुकानदाराने घाईत भलतीच दिली. सगळा गाव चटया टाकून बसलेला, टीव्हीला हार घातलेला, आणि आत गोरे लोक इंग्रजीत भांडतायत. पोरं ओरडायला लागली. मग तू उठलास, टीव्हीचा आवाज पार बंद केलास आणि आरतीचा माईक हातात घेतलास. कंपनीत इंग्रजी कागद वाचणारा तू एकटाच, तेव्हा तुला सगळं कळतं अशी गावाची खात्री. तू शेरीफला जमीन मोजायला आलेला साहेब केलंस. दारूच्या गुत्त्यातल्या बाईला उलव्याची मावशी केलंस. औषधवाला लांबड्याला म्हणायचा, "तुझ्या घोऱ्याला खायला घाल रं, तो बी मानूस हाय!" लोक हसून लोळले. दुसऱ्या वर्षी मंडळाने चांगली कॅसेट आणली, तर लोकांनीच ती बंद करायला लावली. मग जत्रा म्हटली की घोड्यांचा पिक्चर आणि कमळाकरचा माईक हे ठरूनच गेलं. माझी पोरं तेव्हापासून मला लांबड्या म्हणून चिडवायला लागली. तू अर्थातच औषधवाला.

आणि शेवट. औषधवाला दरडीवरून घसरतो, पाय मोडतो, घोडा एकच, प्यायला पाणी नाही. तो लांबड्याचा हात धरून काहीतरी बोलतो. तिथे येऊन तू दरवर्षी थांबायचास. गावाला वाटायचं, कमळाकर रंगत आणतोय. मग हळूच म्हणायचास, "तू फुरं हो, मी मांगशी येतंय." पुढे हो, मी मागून येतो; एवढी आगरी मलाही कळायची. लांबड्या घोड्यावर बसून निघून जायचा आणि पिक्चर संपायचा. पुढे बसलेली तुझी आई, जाईबाई, तोंडातला तंबाखू बाजूला सारून विचारायची, "मंग आला का रं तो?" आणि तू माईकवरूनच सांगायचास, "आला गो आये, आला." तेव्हा कुठे ती चटई गुंडाळायची.

परवा खाली हिंदीत अक्षरं येत होती, कमळाकर. मी सावकाश वाचतो, पण ती वाचली. औषधवाला तसं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, मला इथे एकट्याला टाकून जाऊ नकोस. पुढे म्हणतो, मी वाचणार नाही हे मला कळतंय, पण ऊन उतरेपर्यंत तरी बस, मग जा. सगळ्या पिक्चरभर बडबड करणारा माणूस एवढंच मागतो. लांबड्या त्याचा हात सोडवतो आणि घोड्यावर बसतो. मागे वळून बघतही नाही.

दिवे लागले आणि मतं सुरू झाली. मला अजून तहान लागल्यासारखं होत होतं आणि इथे समोशाच्या डिश फिरत होत्या. निशांत नावाचा एक मुलगा म्हणाला, "काय चुकलं त्याचं? दोघं मरण्यापेक्षा एक वाचला, सिंपल." उज्वला म्हणून एक बाई आहेत, शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण पाच मिनिटं टेकला असता तर काय बिघडलं असतं?" त्यावर कुणी म्हणालं, तो मदत आणायला गेला असणार, दिग्दर्शकाने ते आपल्यावर सोडलंय. एकाने तर सांगितलं की अशा दोन टोकांच्या माणसांची मैत्री पिक्चरमध्येच होते, खरी नसतेच, म्हणून शेवट बरोबर आहे. मग सगळे माझ्याकडे वळले. तेजश्रीने कौतुकाने सांगून ठेवलं होतं, बाबांनी हा खूप वेळा बघितलाय. निशांतने विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं हे तिथे कुणाला सांगायचं? मी चप्पल शोधली आणि खाली येऊन गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहिलो.

तिथे बसल्यावर मला तुझं ते थांबणं कळलं. पिक्चर पहिल्यांदा लागला त्याच्या आदल्या वर्षी तुझा थोरला भाऊ खाडीत जाळं टाकायला गेला तो परत आलाच नव्हता. होडी सापडली, तो नाही. जाईबाई रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन उभी राहायची. बाकीचं सगळं तू मनाने रचलंस, पण औषधवाल्याचं ते शेवटचं वाक्य तुला नीट समजलं होतं. समोर आई बसलेली असताना ते तुला बोलवेना. म्हणून एकटा पडलेला माणूस मागून येतो असं तू सांगितलंस, आणि दरवर्षी तेच सांगत राहिलास. ती गेली त्यानंतरही तू ते वाक्य बदललं नाहीस. एवढी वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसलास आणि हे मलाही बोलला नाहीस. एवढा बडबड्या माणूस तू!

आता मी हे का लिहितोय ते सांगतो, नाहीतर पुन्हा गप्प बसेन. मंगळवारी हरेश मला बाजारात येऊन भेटला. ट्रकच्या आडोशाला उभा राहून पोर हमसून रडलं. रोग फुप्फुसात उतरलाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. तुला सांगायची त्याची हिंमत नाही. पण तुला हे माहीत आहे, आणि म्हणून तू कडी लावलीस. त्याच संध्याकाळी तुझा फोनवर मेसेज आला. माझ्या रणजीतने गावाकडे घर बांधलंय, शालन पुढे गेलीय, माझं सामान बांधून टेम्पो ठरलाय, हे तुला हरेशकडून कळलं असणार. तू लिहिलंस, तू गावाला जा, इथे थांबू नको, मी बरा झालो की मागून येतो. तेव्हा मला ते खरं वाटलं. खरं वाटून घेतलं म्हण. मी उरलेली भांडीसुद्धा बांधली. आणि परवा ती अक्षरं वाचली. कमळ्या, तू मागून येणार नाहीस. मला धीर द्यायला येत नाही, खोटं बोलायला तर मुळीच येत नाही. ते काम तुझं होतं. माझ्याकडे तुला द्यायला कसलीच आशा नाही. पण टेम्पोवाल्याला मी नको म्हणून सांगितलंय. शालनला कळवलंय, ती चिडली नाही, फक्त हुं म्हणाली आणि फोन धरून बसली. हे पत्र सोनल दाराखालून सरकवेल. उद्या सकाळी मी येतो आणि वरच्या पायरीवर बसतो. कडी काढलीस तर आत येईन, नाही काढलीस तर पायरीवरच बसेन, उद्याही आणि परवाही. तुला काही बोलायचं नाही आणि मला काही बोलता येत नाही, तेव्हा कुणाची अडचण व्हायची नाही. ऊन उतरेपर्यंत मी आहे.

तुझाच,
लांबड्या
(हौसेराव)